तोच काळा दगड

मुलांनो, ‘कॉजवे’ हा शब्द तुम्ही ऐकला आहे का? मुंबईत राहणाऱ्यांनी तो नक्कीच ऐकला असेल. कुलाबा कॉजवे आणि माहीम कॉजवे ही नावे तर बसच्या पाटीवरही दिसतात. पाण्यातून किंवा दलदलीतून पलीकडे जाता यावे म्हणून भराव घालून बांधलेला रस्ता म्हणजे कॉजवे. आपले कॉजवे माणसांनी बांधले. आज मात्र मी तुम्हांला अशा एका कॉजवेची गोष्ट सांगणार आहे, जो कोणत्याही माणसाने बांधलेला नाही. तो पाहायला मी सातासमुद्रापार गेलो होतो. आणि तिथे गेल्यावर मला माझ्या लहानपणीचा दगड भेटला. ते कसे, हे पुढे वाचा.

माझी मुलगी आणि जावई उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात राहतात. जावई तिथल्या एका रुग्णालयात काम करतात. जून महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. माझा नातू बारा वर्षांचा आहे. मी पोहोचलो त्याच दिवशी त्याने जाहीर केले, “नाना, रविवारी आपण राक्षसाची वाट बघायला जायचं!”

“राक्षसाची वाट? म्हणजे राक्षस येईपर्यंत थांबायचं की काय?” मी विचारले.

सगळे हसले. ‘वाट बघणे’ आणि ‘वाट पाहायला जाणे’ यांतला फरक त्याच्या लक्षात आला नव्हता. त्याला सांगायचे होते ते ‘जायंट्स कॉजवे’, म्हणजे राक्षसाने बांधलेली वाट. उत्तर आयर्लंडच्या अगदी वरच्या टोकाला, अँट्रिम परगण्याच्या किनाऱ्यावर ती आहे. बेलफास्टपासून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर भरते.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही मोटारीने निघालो. मुलीने पराठे आणि कबाब डब्यात भरून घेतले होते. जून महिना असूनही सर्वांनी गरम कपडे घातले होते. “अब्बा, तिथल्या वाऱ्याला उन्हाळा माहीत नसतो,” असे म्हणून मुलीने माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळली.

सरळ रस्त्याने गेलो असतो, तर लवकर पोहोचलो असतो. पण जावयांनी मुद्दाम समुद्राकाठचा लांबचा रस्ता धरला. उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला उंच कडे, अशा अरुंद पट्टीवरून तो रस्ता जातो. एकोणिसाव्या शतकात विल्यम बाल्ड नावाच्या अभियंत्याने तो तयार केला. त्याने कड्यांना सुरुंग लावले आणि खाली कोसळलेल्या दगडांचाच पाया करून त्यावर रस्ता बांधला.

त्या कड्यांकडे पाहताना मला एक गंमत दिसली. काही ठिकाणी कड्याचा खालचा भाग खडूसारखा पांढराशुभ्र होता आणि वरचा भाग काळाकुट्ट. जणू कोणी पांढऱ्या भिंतीवर काळे छप्पर घातले होते. मी जावयांना कारण विचारले. ते म्हणाले, “खालचा चुनखडीचा दगड आहे. तो फार पूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झाला. वरचा काळा दगड नंतर आला. तो कसा आला, ते तुमचा नातू सांगेल. त्याच्या शाळेची सहल इथे येऊन गेली आहे.”

नातू खुशीत आला, पण म्हणाला, “आत्ता नाही. दगडांजवळ गेल्यावर सांगेन.”

अकराच्या सुमारास आम्ही पहिल्या ठिकाणी पोहोचलो. त्याचे नाव कॅरिक-अ-रीड. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात एक लहानसे खडकाळ बेट आहे. किनारा आणि बेट यांच्यामध्ये खोल घळ आहे. त्या घळीवर दोरखंडांचा एक झुलता पूल बांधला आहे. पूल सुमारे २० मीटर लांब आहे आणि खालचे खडक व पाणी जवळजवळ ३० मीटर खाली आहे. म्हणजे आपल्याकडच्या नऊ-दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पाहावे, तसे!

हा पूल प्रवाशांच्या मौजेसाठी बांधलेला नव्हता. सॅमन नावाचे मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून नद्यांकडे परततात. जाताना ते या बेटाला वळसा घालून जातात. म्हणून कोळी बेटावरून जाळी लावत असत. बेटावर जाता यावे यासाठी त्यांनी १७५५ मध्ये येथे पहिला दोरांचा पूल बांधला. पूर्वीच्या पुलाला आधारासाठी एकच दोर असे. एका हाताने तो दोर धरायचा आणि खांद्यावर माशांचे ओझे घेऊन चालायचे! पुढे मासे कमी होत गेले आणि २००२ मध्ये येथील मासेमारी थांबली. आता पूल बळकट आहे, दोन्ही बाजूंना जाळी आहे, आणि वारा फार असला की तो बंद ठेवतात.

सुदैवाने म्हणा किंवा दुर्दैवाने म्हणा, त्या दिवशी पूल चालू होता. मी पहिले पाऊल टाकले आणि पायाखालची फळी हलली. खाली हिरवे पाणी खडकांवर आपटून फेसाळत होते. माझे पाय जागच्या जागी थिजले.

“नाना, खाली बघू नका. माझ्या टोपीकडे बघा आणि चला,” पुढून नातू म्हणाला.

मुलांनो, ज्या नातवाला मी बोट धरून चालायला शिकवले, त्याने मला बोट न धरता चालवले. त्याच्या लाल टोपीवर नजर ठेवून मी पूल ओलांडला. पलीकडे गेल्यावर आपण काहीतरी मोठा पराक्रम केला, असे मला वाटू लागले. मग मनात आले, की रोजच्या भाकरीसाठी हा पूल दिवसातून अनेकदा ओलांडणाऱ्या त्या कोळ्यांना आपण फार मोठे काही करतो आहोत, असे कधी वाटले असेल का?

बेटावर गुलाबी रानफुलांचे ताटवे फुलले होते. कड्यांच्या कपारींत समुद्रपक्ष्यांची घरटी होती आणि त्यांच्या कलकलाटाने हवा भरून गेली होती. समोर रॅथलिन नावाचे बेट दिसत होते. १८९८ मध्ये मार्कोनीच्या सहकाऱ्यांनी त्या बेटावरून किनाऱ्यावरील बॅलीकॅसल गावापर्यंत बिनतारी संदेश पाठवण्याचे प्रयोग केले होते. हवा स्वच्छ होती, त्यामुळे दूरवर निळसर रेषेसारखा स्कॉटलंडचा किनाराही दिसला. “आपण उभे आहोत ती जागा म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचा घसा आहे,” असे जावयांनी सांगितले, तेव्हा मी नकळत पाय उचलला. “घाबरू नका, तो विझून कोट्यवधी वर्षं झाली,” असे म्हणत ते हसले.

गवतावर बसून आम्ही पराठे खाल्ले आणि दुपारी दोनच्या सुमारास जायंट्स कॉजवेला पोहोचलो. मोटार वर उभी करून उताराच्या रस्त्याने सुमारे एक किलोमीटर चालत जावे लागते. चालता चालता नातवाने राक्षसाची गोष्ट सांगितली.

आयर्लंडमध्ये फिन मॅककूल नावाचा एक राक्षस राहत होता. समुद्रापलीकडे स्कॉटलंडमध्ये बेनँडोनर नावाचा दुसरा राक्षस होता. दोघांचे भांडण झाले. लढायला जाण्यासाठी फिनने समुद्रात दगड रचून वाट बांधली. पण बेनँडोनर आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड आहे, हे दिसताच तो घाबरून घरी पळाला. त्याची बायको मोठी हुशार होती. तिने फिनला बाळाचे कपडे घालून पाळण्यात निजवले. फिनला शोधत बेनँडोनर घरात आला आणि त्याने पाळण्यातले ते भले मोठे बाळ पाहिले. ‘बाळच एवढे, तर बाप केवढा असेल!’ असे मनात म्हणत तो धूम पळत सुटला. आपला पाठलाग होऊ नये म्हणून जाता जाता त्याने सारी वाट तोडून टाकली. उरली ती फक्त दोन टोके. एक टोक येथे, तर दुसरे स्कॉटलंडजवळच्या स्टाफा बेटावर.

गोष्ट संपली, रस्ता वळला आणि समोर ती वाट दिसली.

मुलांनो, मी चित्रे पाहिली होती, तरीही क्षणभर माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. डोंगराच्या पायथ्यापासून निघून दगडी खांबांची एक रांग समुद्रात उतरत गेली होती. एक नाही, दोन नाही, येथे असे सुमारे ४०,००० खांब आहेत! सगळे एकमेकांना खेटून उभे. त्यांची वरची टोके फरशीसारखी सपाट. त्यांतली बहुतेक षट्कोनी आहेत. काही पाच बाजूंची, काही सात बाजूंची, तर क्वचित चार किंवा आठ बाजूंचीही आहेत. मधमाश्यांचे पोळे दगडाचे करून जमिनीवर पसरले, तर ते असे दिसेल. बाजूच्या डोंगरात तर १२ मीटरपर्यंत उंचीचे खांब ओळीने उभे आहेत. त्या खांबांना लोक ‘राक्षसाची बाजाची पेटी’ म्हणतात.

मी एका खांबावर बसलो आणि त्याच्या कडेवरून हात फिरवला. खरखरीत, थंड, काळा दगड. आणि एकदम माझ्या तोंडून शब्द निघाले, “अरे, हा तर आमच्या खाणीतला दगड!”

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. माझे बालपण मुंबईत अंधेरीला गेले. तेथे गिल्बर्ट हिल नावाची एक काळी, उभ्या कड्यांची टेकडी आहे. त्या काळी तिच्या आसपास दगडाच्या खाणी होत्या. माझे वडील अशाच एका खाणीत दगड फोडत. सकाळी घण आणि पहार घेऊन जात. संध्याकाळी परत येत, तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि पापण्यांवर दगडाची भुकटी साचलेली असे. ते हातपाय धुऊन नमाज पढत आणि मग मला जवळ घेत. त्यांचे तळहात दगडासारखेच खरखरीत झाले होते. त्यांनी फोडलेल्या दगडाची खडी होई आणि ती रस्त्यांवर पडे. त्याच खडीच्या पैशांतून माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च चाले.

वडील शाळेत गेलेले नव्हते. पण दगड त्यांना कळत असे. एकदा ते मला म्हणाले, “या खाणीतल्या दगडाला आधीपासूनच कोपरे असतात बघ. तो वाटेल तसा फुटत नाही. उभा सुटतो, खांबासारखा. आपण फक्त मोकळा करायचा.”

“मग हे कोपरे कोणी केले?” मी विचारले.

त्यांनी थोडा विचार केला आणि ते म्हणाले, “अल्लाहची कारागिरी. पण कशी केली, ते मला कळत नाही. तू शिकलास, की मला सांग.”

मी शिकलो, नोकरीला लागलो, संसारात गुंतलो. तो प्रश्न मी विसरून गेलो. वडील वारले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आणि इतक्या दूर, परक्या देशात, त्या दगडाने मला तो प्रश्न पुन्हा आठवून दिला.

“नाना, सांगू का आता?” नातवाने विचारले.

“सांग,” मी म्हणालो.

नातवाने आणि जावयांनी मिळून जे सांगितले, ते असे. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि उत्तर अमेरिका हे भूखंड एकमेकांपासून दूर सरकू लागले होते. त्यांच्यामध्ये अटलांटिक महासागराचा उत्तर भाग तयार होत होता. त्या ओढाताणीत जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला. तो पांढऱ्या चुनखडीवर पसरला आणि थिजून काळा दगड झाला. त्या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. सकाळी पाहिलेल्या पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या छपराचे कोडे असे उलगडले.

मग बराच काळ लाव्हा आला नाही. त्या वेळी येथील हवा उष्ण आणि दमट होती. ऊन-पावसाने वरचा काळा दगड कुजला आणि त्याचा तांबडा थर झाला. कड्यात तो तांबडा पट्टा आजही स्पष्ट दिसतो. तो मी पाहिला आणि मला रत्नागिरीचा जांभा दगड आठवला. तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत, त्यांची घरे, विहिरी, गडगे याच दगडाचे असतील. आपला जांभाही अशाच रीतीने उष्ण, पावसाळी हवेत काळा दगड कुजून तयार झाला आहे. थंड आयर्लंडमध्ये एके काळी कोकणासारखी हवा होती, याची साक्ष तो तांबडा पट्टा देत होता.

त्यानंतर पुन्हा लाव्हा आला. या वेळी तो एका दरीत साचला. जागा खोल असल्यामुळे त्याचा थर जाड झाला आणि तो सावकाश थंड होत गेला. कोणतीही तापलेली वस्तू थंड होताना आकसते. लाव्हाही आकसू लागला आणि त्याला भेगा पडल्या. तुम्ही उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा चिखल पाहिला आहे ना? वाळताना तो आकसतो आणि त्याच्यावर भेगांची जाळी पडते. तसेच येथे झाले. पण चिखलाच्या भेगा थोड्याच खोल जातात. लाव्हा जसजसा आत थंड होत गेला, तसतशा या भेगा आतआत शिरत गेल्या, आणि त्यांच्यामधला दगड खांबासारखा सुटा झाला.

“पण सहाच कोपरे का?” मी विचारले.

नातवाने वाळूवर काडीने आकृती काढली. एका ठिकाणाहून तीन भेगा सारख्या अंतराने फुटल्या, की त्यांच्यामध्ये तीन सारखे कोन होतात. अशा भेगा सगळीकडे पडून एकमेकींना मिळाल्या, की आपोआप षट्कोन तयार होतात. थंड होण्याचा वेग सगळीकडे अगदी सारखा नसतो, म्हणून काही ठिकाणी पाच किंवा सात बाजू होतात.

ही गोष्ट माणसाला सहज कळलेली नाही. १६९३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या जागेचे वर्णन आले, तेव्हा विद्वानांमध्ये मोठे वाद झाले. हे खांब समुद्राच्या पाण्यातून साखरेच्या खड्यांसारखे तयार झाले, असे काहींना वाटे. १७४० च्या सुमारास सुझाना ड्रुरी या चित्रकर्तीने येथे येऊन फार बारकाईने चित्रे काढली. त्यांच्या छापील प्रती युरोपभर पोहोचल्या. पुढे निकोलस देमारे या फ्रेंच संशोधकाने फ्रान्समधील विझलेल्या ज्वालामुखींच्या मुलखात असेच खांब पाहिले आणि हा दगड लाव्हारसापासून होतो, असे मत मांडले. एकाने चित्र काढावे, दुसऱ्याने ते पाहावे, तिसऱ्याने तपासावे, अशा रीतीने ज्ञान पुढे जाते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते. पण ते ऐकायला वडील नव्हते. माझे मन भरून आले. त्यांच्या आठवणीसाठी येथे काहीतरी ठेवून जावे, असे वाटले. शेजारच्या दोन खांबांच्या फटीत कितीतरी नाणी खोचलेली होती. निरनिराळ्या देशांचे प्रवासी शुभशकुन म्हणून ती ठेवून जातात. माझ्या पाकिटात एक रुपयाचे नाणे होते. मी ते काढले आणि फटीत सरकवले.

“नाना, नको!” नातू एवढ्या मोठ्याने ओरडला, की आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले.

मला थोडा रागच आला. “का? एका नाण्याने काय होणार आहे?”

नातवाने मला वाकून पाहायला सांगितले. फटीतली जुनी नाणी गंजून फुगली होती. त्यांच्यामुळे दगडाच्या कडेचे कपचे उडाले होते आणि दगडावर तांबूस-हिरवट ओघळ आले होते. “नाणं गंजलं की जाड होतं आणि दगडाला आतून ढकलतं,” तो म्हणाला. “प्रत्येक जण म्हणतो, एका नाण्याने काय होणार आहे!”

नॅशनल ट्रस्ट ही संस्था या जागेची देखभाल करते. त्या संस्थेने २०२५ मध्ये सर्व प्रवाशांना विनंती केली होती, की फटींत नाणी ठेवू नका. हजारो पौंड खर्चून, दगडाला धक्का न लावता, ती नाणी काढावी लागतात. १९८६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा मान दिला आहे. ज्या दगडाला ६ कोटी वर्षांत समुद्राच्या लाटा संपवू शकल्या नाहीत, त्याला आम्ही प्रेमापोटी फोडत होतो!

मी खाली मान घालून नाणे बाहेर काढले. ते थोडे आत गेले होते, म्हणून नखांनी ओढावे लागले. नातू जवळ बसला. माझा चेहरा पाहून त्याला वाईट वाटले असावे. तो हळूच म्हणाला, “नाना, मी पहिल्या वेळी ठेवलं होतं. बाईंनी मला काढायला लावलं.”

त्यानंतर आम्ही १६२ पायऱ्या चढून कड्यावर गेलो. धाप लागली, पण वरून दिसणारे दृश्य पाहून श्रम विसरलो. काळ्या कड्यांच्या एकामागून एक अर्धवर्तुळाकार खाड्या, प्रत्येकीत फेसाळणारा समुद्र. त्यांतल्या एका टोकाकडे बोट करून जावई म्हणाले, “१५८८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हिरोना’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून तिथल्या खडकावर फुटलं. जहाजावर सुमारे १,३०० माणसं होती. वाचली ती हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी.”

१९६७ मध्ये रॉबेर स्तेन्यूई या बेल्जियन पाणबुड्याने त्या जहाजाचे अवशेष शोधून काढले. त्यांत सोन्याचे दागिने आणि नाणी होती. एक अंगठी सापडली. तिच्यावर हृदय धरलेला हात कोरला आहे आणि स्पॅनिश भाषेत लिहिले आहे, ‘तुला द्यायला माझ्याजवळ याहून अधिक काही नाही.’ बेलफास्टच्या संग्रहालयात मी पुढे त्या जहाजावरचे दागिने पाहिले. कोणी कोणाला ती अंगठी दिली असेल, याचा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

परतताना संध्याकाळी सात वाजता आम्ही डनल्यूस किल्ल्याजवळ थांबलो. तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नव्हती. समुद्रात घुसलेल्या काळ्या खडकाच्या अगदी टोकावर तो पडका किल्ला उभा आहे. फुटलेल्या त्या जहाजावरच्या तोफा याच किल्ल्याच्या दरवाजावर चढवल्या होत्या. खडकाची धार आणि भिंतीची धार एकच झाली आहे. दगड कुठे संपतो आणि किल्ला कुठे सुरू होतो, ते कळत नाही. मला आपले दौलताबाद आठवले. दौलताबादचा किल्ला, अजिंठा-वेरूळची लेणी, सह्याद्रीचे कडे, सारे याच जातीच्या काळ्या दगडाचे आहे. आपला दगड त्यांच्या दगडापेक्षा थोडा जुनाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याने दख्खनची सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. एवढा मोठा खजिना पायाखाली असून मी तो पाहायला परदेशात गेलो होतो!

मुंबईला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी अंधेरीला गेलो. गिल्बर्ट हिल अजून उभी आहे. सुमारे ६० मीटर उंच, काळी, सरळ. तिच्या कड्यावर खांबांच्या उभ्या रेघा स्पष्ट दिसतात. लहानपणी रोज पाहूनही मी त्या कधी ‘पाहिल्या’ नव्हत्या. २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसा स्थळाचा दर्जा दिला. पण आता चारही बाजूंनी इमारती तिच्या अगदी जवळ येऊन ठेपल्या आहेत. आजूबाजूचा दगड केव्हाच खणून नेला आहे.

तो कोणी नेला? मुलांनो, माझ्यासारख्यांच्या वडिलांनीच तो फोडला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे भाकरीचा प्रश्न होता, आणि ज्या रस्त्यांवरून मी शाळेत गेलो, ते रस्तेही त्याच खडीचे होते. त्या दगडाने आमचे पोट भरले, आमचे शहर बांधले. आता द्यायला त्याच्याजवळ याहून अधिक काही उरलेले नाही. आता आपली पाळी आहे.

मी टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि कड्यावर तळहात ठेवला. तो वडिलांच्या हातासारखाच खरखरीत लागला. मग मी मनातल्या मनात त्यांना सगळे सांगितले. लाव्हा कसा आला, सावकाश कसा थंड झाला, भेगा कशा पडल्या आणि कोपरे कसे झाले. सांगायला उशीर झाला होता, पण सांगून मन हलके झाले.

खिशात ते रुपयाचे नाणे अजून होते. परत येताना त्याचे मी शेंगदाणे घेतले. पुडीत मोजून आठ-दहाच दाणे आले. पण ते नाणे फटीत गंजण्यापेक्षा शेंगदाणेवाल्याच्या गल्ल्यात गेले, हेच बरे झाले.

मुलांनो, आता सुट्टीत बाहेर पडाल, तेव्हा तुमच्या गावाजवळचा एखादा डोंगर, खाण किंवा किल्ल्याची भिंत नीट पाहा. दगडाला हात लावा. त्याचे कोपरे मोजा. त्याच्यावर नाव कोरू नका, त्याच्या फटीत काही खोचू नका. फक्त त्याला विचारा, “तू इथे कसा आलास?” उत्तर लगेच मिळणार नाही. ते शोधा. आणि मिळाले, की घरातल्या मोठ्या माणसांना आधी सांगा. माझ्यासारखा उशीर करू नका.